न मरणाऱ्यांमधले एक नाव

आमच्या घळीत ऊन उशिरा येते. पूर्वेचा डोंगर घरांच्या इतका जवळ आणि इतका ताठ उभा आहे, की बाहेर सगळीकडे सकाळ होऊन गेली तरी आमच्याकडे बराच वेळ नुसता उजेड असतो. निळसर, करडा, कुठून आला ते न सांगणारा उजेड. त्यात ओढ्यावरचे धुके, कोळशाच्या गाड्यांचा गंजलेला पूल, शेजारच्या टॅकेटबाईंच्या दोरीवरल्या चादरी, सगळे एकाच रंगाचे दिसते आणि कशाचीच सावली पडत नाही. मग समोर, पश्चिमेच्या डोंगरमाथ्यावर, सर्वांत उंच झाडांच्या शेंड्यांना एक पिवळी कड फुटते. ती कड खाली उतरू लागते. तिला घाई नसते. ओकची झाडे, त्यांच्याखालची अक्रोडाची, मग बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी माजलेले रान, मग चर्चच्या पांढऱ्या फळ्या, मग रस्ता, मग ओढा. ओढ्यापाशी ती जरा वेळ दिसेनाशी होते, कारण धुके तिला गिळते आणि स्वतःच उजळून निघते. सर्वांत शेवटी ती आमच्या अंगणात पोहोचते, पायऱ्या चढते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येऊन टेबलावर पसरते: मेणकापडावर, ज्वारीच्या धाटांच्या काकवीच्या बरणीवर, पांढऱ्या पत्र्याच्या कपावर. बरणीतून आरपार गेलेल्या उन्हाचा एक तांबूस डाग मेणकापडावर पडतो आणि हळूहळू सरकत राहतो.

त्या वसंतात तो डाग रोज काकांच्या हातापाशी येऊन थांबे. काका दोन्ही हातांनी कप धरून बसलेले असत. उन्हात त्यांच्या बोटांच्या कडा जवळजवळ आरपार दिसत. सकाळच्या उन्हात कुणाचीही बोटे तशीच दिसतील, असे मी स्वतःशी म्हणे आणि त्यांच्या गरम पावावर काकवी ओती.

"काय पाद्रीबुवा," काका म्हणत, "आज कुणाकुणाला वर पोचवणार?"

"आज कुणी जाईल असं वाटत नाही, काका."

"तुझी गिऱ्हाइकं फार चिवट आहेत बाबा. दुसरा धंदा बघ."

एवढे बोलून ते हसत, आणि हसण्याचे खोकल्यात रूपांतर होई. मग ते नाकातल्या प्राणवायूच्या नळ्या सारख्या करत आणि खिडकीबाहेर पाहत बसत.

हॉबर्ट स्टिडम हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील खाणीचे छत कोसळून गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. आई ओहायोला निघून गेली, ती परत आली नाही. मला काकांनी आणि व्हेस्टाकाकूंनी वाढवले. काकू गेल्या. काकांनी खाणीत आयुष्य काढले आणि खाणीची धूळ छातीत घेऊन वर आले. मी माणसांत बुजणारा, पुस्तकांत रमणारा निघालो, म्हणून त्यांनी मला पाद्री होण्याच्या विद्यालयात शिकायला पाठवले. परंतु भरल्या चर्चसमोर उभे राहून प्रवचन देणे मला जमेना; आवाज घशातच राही. एका खाटेपाशी बसून एकाच माणसासाठी स्तोत्र म्हणणे मात्र जमे. म्हणून मी हॉस्पिसच्या कंपनीत नोकरी धरली. मरणाच्या दारातल्या माणसांच्या घरी जायचे, त्यांचा हात धरून बसायचे, ते सांगतील ते ऐकायचे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकांचे नावही त्याच कंपनीत नोंदवले गेले होते.

माझ्या माणसांपैकी पुष्कळजण मरत नव्हते, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आमच्याकडे कुणाला हॉस्पिस लागले, असे कळले की शेजारपाजारचे लोक घरी झाकलेली भांडी घेऊन येतात. मक्याचा पाव, घेवडा, कोंबडीचे कालवण. भांड्याच्या बुडाशी कागदी चिकटपट्टीवर आपले नाव लिहिलेले असते, म्हणजे भांडे नंतर परत मिळते. नंतर म्हणजे कशानंतर, हे कुणी बोलत नाही. शेजारच्या ओपल टॅकेट ह्या बाईंना हॉस्पिस लागले तेव्हा त्यांचे स्वयंपाकघर भांड्यांनी भरून गेले होते. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या परसात वाकून घेवडा पेरत होत्या.

"ये रे ये, ॲन्सल," त्या म्हणाल्या. "प्रार्थना करायचीय ना? आधी ती कुदळ दे इकडे."

"बरं वाटतंय का, मिस ओपल?"

"मला काय धाड भरलीये? पंचाईत वेगळीच झालीये. तीन वर्षं झाली, मी मरतेय मरतेय म्हणून. लोक आता भांडी परत मागायला लागलेत."

नियम साधा आहे. म्हाताऱ्या माणसांच्या आजारपणाचा खर्च सरकार उचलते. हा माणूस सहा महिन्यांपलीकडे जगेलसे वाटत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले, की हॉस्पिसच्या कंपनीला प्रत्येक दिवसाचे पैसे सरकारकडून मिळतात. बदल्यात त्या माणसाला खाट मिळते, नर्स मिळते, वेदनेवरची औषधे मिळतात. आणि ज्या दुखण्यासाठी नाव नोंदवले, ते बरे करण्याच्या उपचारांवर त्याला पाणी सोडावे लागते. मरणाऱ्या माणसासाठी ही फार दयाळू व्यवस्था आहे. आमची कंपनी ती न मरणाऱ्यांना विकत होती.

दर पंधरवड्याला बैठक होई. आमचे व्यवस्थापक क्रेग लंडी हे लुइव्हिलहून आलेले, टापटीप, प्रत्येकाच्या मुलांची नावे लक्षात ठेवणारे गृहस्थ होते. नर्सेस एकेका माणसाविषयी सांगत.

"टॅकेट. आहे तशीच आहे," नर्स म्हणे.

"'आहे तशीच' असं काही नसतं," लंडी हसत म्हणत. "आपल्याकडे माणूस खालीच जात असतो. नीट बघा. कुठे ना कुठे गेलाच असेल."

सहा महिने उलटले तरी माणूस खालावतोय असे दाखवत राहिले, की मुदत दर दोन महिन्यांनी वाढवून मिळे, आणि ते दाखवण्याची एक रीत होती. अंथरुणातल्या माणसाला वजनकाट्यावर उभे करता येत नाही, म्हणून त्याच्या दंडाचा घेर शिवणकामाच्या फितीने मोजतात. माणूस खंगत असेल, तर दंड महिन्यागणिक बारीक होतो. डार्ला फ्यूगेट ही आमची सर्वांत जुनी नर्स. चाळीस वर्षे ह्या डोंगरांत सुया टोचत फिरलेली, धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. ओपलबाईंच्या दंडाभोवती फीत गुंडाळून ती ओढताना मी एकदा पाहिले.

"अगं, माप घेतेस की रक्त थांबवतेस?" ओपलबाई ओरडल्या.

"गप बसा, मिस ओपल. हे झालं की तुम्हाला आणखी दोन महिने खाट राहील."

"खाटेवर मी लोणच्याच्या बरण्या ठेवते."

डार्लाने आकडा लिहिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू काही पाहिलं नाहीस, पोरा. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

हे सगळे मी पचवले असते, अशी मला शंका आहे. मी तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हे. उपाहारगृहात चुकीचा पदार्थ समोर आला तर तोही मुकाट्याने खाणारा मी. परंतु शाळेची बस चालवून निवृत्त झालेले आर्लिस नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे होते. त्यांच्या हृदयाची झडप बिघडली होती आणि ती दुरुस्त होण्यासारखी होती. रुग्णालयाने तारीख दिली, आणि मग सांगितले की तुम्ही हॉस्पिसमध्ये आहात, तेव्हा ह्याचा खर्च मिळणार नाही. आर्लिस माझ्यासमोर टोपी हातात घेऊन बसले होते.

"मी मरतोय हे मला कुणी सांगितलंच नाही रे," ते म्हणाले. "ते म्हणाले, सही करा, वरखाली होणारी खाट फुकट मिळते. माझी पाठ दुखते. मी म्हटलं, बरं."

त्यांचे नाव मी हॉस्पिसमधून काढून दिले. त्यासाठी काय करावे लागते ते त्यांना समजावून सांगितले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात लेक्सिंग्टनला रोझलिंड पेट्री ह्या वकीलबाईंकडे गेलो.

पेट्रीबाई साठीच्या होत्या, बोलणे मोजके, टेबलावर एक सफरचंद अर्धे खाऊन ठेवलेले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले.

"सरकारला फसवलं तर सरकारच्या वतीने कुणीही नागरिक दावा लावू शकतो," त्या म्हणाल्या. "सरकारने दावा हाती घेतला आणि पैसे वसूल झाले, तर त्यातले पंधरा ते पंचवीस टक्के तुम्हाला मिळतात. हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"मी पैशांसाठी आलेलो नाही."

"सगळे तसंच म्हणतात. कायद्याला त्याने फरक पडत नाही. कायदा असं धरून चालतो की खरं बोलायला पैसे पडतात." त्यांनी सफरचंदाचा घास घेतला. "दुसरं. ह्यामुळे तुम्हाला कामावरून काढलं, तर तो वेगळा गुन्हा. नोकरी परत, बुडालेला पगार दुप्पट. पण ते मिळेपर्यंत तुम्ही घरी बसलेले असणार. तिसरं सगळ्यांत अवघड."

"काय?"

"दावा मोहोरबंद असतो. फक्त न्यायाधीश आणि सरकार. कंपनीला कळत नाही. सरकार तपास करेपर्यंत तुम्ही कुणालाही सांगायचं नाही. बायकोला नाही."

"मला बायको नाही."

"मग आईला नाही. कुत्र्याला सांगा हवं तर. महिने जातात, कधी वर्षं जातात. तुम्ही रोज कामावर जाणार आणि त्या लोकांबरोबर कॉफी पिणार. जमेल?"

न बोलणे हीच गोष्ट मला आयुष्यात जमली होती. मी होकार दिला.

मग त्यांनी मला न मरणाऱ्यांची नावे विचारली. मी एकेकाविषयी सांगत गेलो: कोण घेवडा पेरते, कोण अजून मासे पकडायला जातो, कोण दर रविवारी चर्चमध्ये सर्वांत वरच्या पट्टीत गाते. शेवटी मी म्हणालो, "हॉबर्ट स्टिडम."

पेट्रीबाईंनी वर पाहिले. "तुमचं आडनाव."

"माझे काका."

"ते काय पेरतात?"

"चुलीसाठी लाकडं फोडतात," मी म्हणालो. "सकाळी माझी चेष्टा करतात."

त्यांनी लिहून घेतले. एका क्षणापुरते त्यांचे पेन थांबले होते, ते मी पाहिले होते.

त्यानंतरचे उन्हाळ्याचे आणि पानगळीचे महिने मी मोहोरेच्या आत राहिलो. बाहेरून काही बदलले नाही. बैठकीत लंडी माझ्या खांद्यावर हात ठेवत, डार्ला मला घरच्या टोमॅटोची पिशवी देई, आणि ज्यांना मी न्यायालयात नेले होते त्यांच्याच टेबलावर मी जेवत होतो. सर्वांत कठीण काकांसमोर बसणे होते. तुमचे आजारपण हा एका कंपनीचा धंदा आहे, तुम्ही मरत नाही आहात, हे मला त्यांना ओरडून सांगायचे होते. दाव्याविषयी बोलायला बंदी होती. त्यांच्या प्रकृतीविषयी बोलायला नव्हती. म्हणून मी दुसऱ्या वाटेने सुरुवात केली.

"काका, लेक्सिंग्टनला छातीचे एक नवे डॉक्टर आलेत. व्यायाम देतात, नवी औषधं देतात. हॉस्पिस सोडलं तर तिथे जाता येईल."

"डार्ला किती छान आहे," काका म्हणाले. "मला शिव्या देते. डॉक्टर शिव्या देत नाहीत."

"चेष्टा नको, काका. तुम्हाला ह्याची गरज नाहीये."

"कशाची गरज नाहीये?"

"ह्या सगळ्याची." मी प्राणवायूच्या यंत्राकडे हात केला. ते कोपऱ्यात घुरघुरत होते.

काकांनी यंत्राकडे पाहिले. "तुझा बाप असाच होता," ते म्हणाले. "छत कुरकुरायला लागलं की म्हणायचा, वारा आहे."

मी पुरावे गोळा करत होतो. काका अजून लाकडे फोडत होते. आता बारक्या काटक्याच, आणि बसून, पण फोडत होते. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवे भोक पाडले, तेव्हा मी म्हटले की काकू गेल्यापासून घरात नीट स्वयंपाक होत नाही. ते खुर्चीतच झोपू लागले, तेव्हा मी म्हटले की म्हातारी माणसे खुर्चीत झोपतात. चर्चच्या भोजनाला ते आले नाहीत, तेव्हा पाऊस होता.

आणि एका दुपारी, ते डुलकी घेत असताना, मी फीत घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. खांदा आणि कोपर ह्यांच्या बरोबर मध्यावर, डार्ला करते तशी, ती दंडाभोवती गुंडाळली. मी ती जराही ओढली नाही. डार्लाचा आकडा मला माहीत होता. खरा आकडा त्याहून मोठा निघणार, ह्याची मला खात्री होती. तो लहान निघाला. मी पुन्हा मोजले. पुन्हा लहान. माझा हात ह्या कामाला सरावलेला नाही, मी नकळत फीत आवळत असणार, असे ठरवून मी ती गुंडाळून खिशात ठेवली. काका डोळे न उघडता म्हणाले, "शर्ट शिवतोयस का मला?"

"झोपा, काका."

"निळा शीव."

पहिला बर्फ पडला त्या सुमारास पेट्रीबाईंचा फोन आला. मी गाडी ओढ्याकाठी थांबवून तो घेतला.

"सरकार दावा हाती घेतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि तो त्यांनी लगेच आवरला. "कंपनीशी तडजोडीची बोलणी करायची आहेत, म्हणून कंपनीला कळवायला न्यायाधीशांनी परवानगी दिलीये. तुमचं नाव त्यांना कळेल. तयार राहा."

"बरं."

"सरकारच्या डॉक्टरांनी तुमच्या सगळ्या माणसांचे कागद तपासले. तुमचं म्हणणं खरं ठरलंय. एक सोडून."

मी गाडीचे इंजिन बंद केले.

"हॉबर्ट स्टिडम. डॉक्टर म्हणतात, हा माणूस जिथे असायला हवा तिथेच आहे. ते नाव मागे घ्या."

"त्यांनी कागद पाहिलेत. कागदावर खोटंच असतं, म्हणून तर मी तुमच्याकडे आलो. डार्ला फीत ओढते."

"डॉक्टरांनी फक्त फीत नाही पाहिली. छातीचे फोटो पाहिले."

"ते जुने आहेत."

"मिस्टर स्टिडम." त्यांनी श्वास घेतला. "ऐका. हे न्यायालयात गेलं तर कंपनीचा वकील ओपल टॅकेटपासून सुरुवात करणार नाही. तो तुमच्या काकांपासून करेल. म्हणेल, ह्या तरुणाला सख्खा काका ओळखता येत नाही, तो बाकीच्यांचं काय सांगतोय? त्या एका नावाने सगळी नावं पडतील. शुक्रवारपर्यंत सांगा."

'जिथे असायला हवा तिथेच' हे डॉक्टरांचे शब्द मी मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिले, आणि ते खोटे आहेत असेच मला वाटले. सरकारही मोजणारे, कंपनीही मोजणारी. काकांबरोबर रोज सकाळी बसणारा एकटा मी होतो.

दुसऱ्याच दिवशी लंडींनी मला बोलावले. ते रागावले नव्हते. रागापेक्षा दुखावले गेल्यासारखे दिसत होते. "तुझ्या काकांना आम्ही सांभाळतोय, ॲन्सल," एवढेच ते म्हणाले, आणि माझ्या जागेची आता गरज उरलेली नाही, असे सांगितले. पेट्रीबाईंनी फोनवर हे ऐकून "छान" म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते छान होते. मी माझे स्तोत्रांचे पुस्तक आणि डबा घेऊन घरी आलो.

घरी काका जागे होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि ह्या वेळी आडवाटेने गेलो नाही. हॉस्पिस सोडण्याच्या कागदावर सही करा, असे म्हणालो. माझा आवाज चढला होता. त्या घरात त्याआधी कधी मी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही.

"तुला एवढं हवंय ते?" काकांनी विचारले.

"हो."

"बरं." त्यांनी श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला. "डार्ला आली की देतो तिला सही करून. जाऊ तुझ्या लेक्सिंग्टनला. टेकडीवरून घोडे दिसतात म्हणे."

मला जिंकल्यासारखे वाटले. हे लिहिताना शब्द बदलावासा वाटतो, पण तसेच वाटले होते.

गुरुवारी डार्ला आली. मी लाकडे आणायला मागे गेलो होतो. परतलो तेव्हा ती ओसरीवर उभी होती, कोट घातलेला, बॅग खांद्याला, आणि हातात काकांनी सही केलेला कागद. काका आत झोपले होते. मला पाहताच ती दोन पायऱ्या खाली आली.

"हे तू करायला लावलंस?"

"त्यांनी स्वतः सही केलीये, मिस डार्ला."

"त्याने तर उद्या अंगणात नाचायची सही केली असती, तू म्हणालास तर!" तिचा आवाज एवढा मोठा झाला, की ओपलबाईंच्या परसातले कुत्रे भुंकले. तिने तो खाली आणला. "हा कागद मी दिला की उद्या गाडी येते. खाट नेते. यंत्र नेते. बाटली नेते. ती छोटी बाटली माहितीये ना कसली? श्वास अडकतो तेव्हाची. मग रात्री त्याला श्वास लागला की तू काय करणार? स्तोत्र म्हणणार?"

"तुम्ही फीत ओढता," मी म्हणालो. "मी पाहिलंय. तुम्ही सगळ्यांना खाली जाताना दाखवता. काकांनाही तसंच—"

डार्लाच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी जे आले, ते मला अधिक असह्य वाटले.

"ओढली," ती म्हणाली. "ओपलची ओढली. त्या बसवाल्याची ओढली. लंडीने सांगितलं, मी केलं. तू मला कोर्टात नेलंस, ते ठीकच केलंस. माझं काय व्हायचं ते होईल. पण हॉबर्टची मी कधी ओढली नाही."

"मग आकडा—"

"हॉबर्टची मी सैल सोडायचे, वेड्या. मध्ये दोन बोटं घालून. तू ते आकडे वाचायचास म्हणून. पहिल्या महिन्यातच तो मला म्हणाला, 'डार्ला, पोराला एकदम कळू देऊ नकोस. हळूहळू कळू दे.' मी जेवढं हळू करता येईल तेवढं केलं. खरा आकडा मी लिहिलाच नाही कधी."

ती पायरीवर बसली. बॅग मांडीवर घेतली. थंडीत तिच्या श्वासाची वाफ निघत होती.

"म्हणजे बघ," ती जराशाने म्हणाली, "त्याच्यासाठीही खोटंच लिहिलं. तेही सांग तुझ्या वकिलीणबाईला."

तिने कागद माझ्यापुढे धरला.

"हा मी अजून दिलेला नाही. देऊ का?"

मी आत गेलो. काका जागे झाले होते, किंवा झोपलेच नव्हते. त्यांच्या गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जात होती. महिनोन्महिने मी त्यांच्यासमोर बसत होतो, आणि गळ्याकडे पाहिले नव्हते.

"भांडलात का रे दोघं?" त्यांनी विचारले.

"नाही, काका."

"ती बाई ओरडली की मला बरं वाटतं." थोडा वेळ ते नुसतेच श्वास घेत राहिले. "कधी निघायचं लेक्सिंग्टनला?"

"नाही जायचं, काका. इथेच राहायचं."

त्यांनी डोळे मिटले. खांदे जरा सैल झाले. "बरं झालं," ते पुटपुटले. "मला गाडीत बसवतच नाही. तुला सांगणार होतो. म्हटलं, पोराचं मन मोडेल."

मी ओसरीवर आलो. डार्लाच्या हातातून कागद घेतला, तो चार तुकड्यांत फाडला आणि कोटाच्या खिशात टाकला. ती उठून आत गेली. आतून तिचा मोठा आवाज आणि काकांचे बारीक हसणे ऐकू आले. मी पायरीवर बसून पेट्रीबाईंना फोन लावला.

"हॉबर्ट स्टिडम हे नाव मागे घ्या," मी म्हणालो.

"योग्य केलंत." कागद सरकवल्याचा आवाज आला. "आणि त्या नर्सचं काय? ती बोलेल?"

"बोलेल असं वाटतं. तिच्यासाठी वकील लागेल."

"बघू या. आता एक ओळ हवी मला. नाव का मागे घेताय, ते सरकारला कळवावं लागतं. 'चुकून दिलं' असं लिहू?"

"नाही."

"मग तुमच्या शब्दांत सांगा. मी लिहून घेतेय."

आत काकांचे हसणे खोकल्यात गेले होते.

"माझे काका मरत आहेत," मी म्हणालो.